साधा कॅसिओ: निवडावा कसा, लावावा कसा, जपावा कसा

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाला कीबोर्ड म्हणणारे लोक थोडेच भेटतात. पंचवटीतल्या भजनी मंडळात, सिडकोतल्या गणेशमंडळाच्या आरतीत किंवा नाशिकरोडच्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'कॅसिओ कोण वाजवणार आहे?' असेच विचारले जाते, मग समोरच्या वाद्यावर नाव कोणत्याही कंपनीचे का असेना. एका कंपनीचे नाव असे वाद्याचेच नाव होऊन बसले, याचे कारण जाहिरात नसून किंमत आहे. ज्या घरांत पियानो येण्याचा प्रश्नच नव्हता आणि चांगली पेटी घेण्यासाठीही दोनदा विचार करावा लागत होता, त्या घरांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पहिले वाद्य म्हणून कॅसिओच आला. आमच्या घरी तो सातपूरच्या कारखान्यातल्या वडिलांच्या दिवाळीच्या बोनसमधून आला, आणि त्या बोनसमध्ये दुसरे काहीच आले नाही, हे मला आजही आठवते.

मी गेली पंचवीस वर्षे सातपूर भागातल्या एका भजनी मंडळात कॅसिओ वाजवत आहे आणि ओळखीच्या लोकांचे बंद पडलेले कॅसिओ उघडून ते दुरुस्तही करत आलो आहे. या काळात मी एक गोष्ट वारंवार पाहिली. वाद्य स्वस्त आहे म्हणून लोक त्याला खेळणे समजतात, खेळण्यासारखे वापरतात आणि दोन वर्षांत ते माळ्यावर टाकतात. तेच वाद्य गायकाच्या पट्टीला, म्हणजे त्याचा 'सा' ज्या उंचीवर असतो तिला, नीट लावले, योग्य अडॅप्टरवर चालवले आणि पावसाळ्यात जपले तर वीस वर्षे सहज साथ देते. ते कसे करायचे, हे मी येथे अनुभवातून सांगत आहे.

प्रथम या वाद्याचा स्वभाव समजून घ्यावा, कारण पुढच्या बऱ्याच सूचना त्यातून निघतात. काशिओ बंधूंची ही जपानी कंपनी मुळात गणकयंत्रांची. १९४६ साली तादाओ काशिओ यांनी टोकियोत छोटा कारखाना काढला आणि १९५७ साली चौघा भावांनी विद्युत गणकयंत्र बाजारात आणून आजच्या कंपनीची स्थापना केली. त्यांच्यातले संगीतप्रेमी तोशिओ यांच्या पुढाकाराने १९८० साली 'कॅसिओटोन २०१' हे पहिले वाद्य आले. त्यात ४९ पट्ट्या आणि २९ आवाज होते. आवाज घडवण्याच्या त्यांच्या पद्धतीचे नावच 'व्यंजन-स्वर' असे होते. बोलताना 'क' मधला आघात क्षणात संपतो आणि 'अ' मात्र लांबवता येतो, त्याचप्रमाणे तार छेडल्याचा किंवा फुंकर मारल्याचा आरंभ वेगळा आणि त्यानंतर टिकणारा नाद वेगळा तयार करून दोन्ही जोडायचे, ही त्यामागची कल्पना. आपल्या भाषेत तोंडातला स्वर आणि गळ्यातला स्वर यांना एकच शब्द असल्यामुळे मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

पुढे १९८१ साली आलेल्या एमटी-४० या छोट्या मॉडेलमधला 'रॉक' नावाचा तयार ठेका हिरोको ओकुदा या तरुण अभियंतीने बसवला होता. १९८५ साली जमैकातल्या संगीतकारांनी तोच ठेका घेऊन गाणे केले आणि तेथील संगीताची चाल बदलून गेली. घरात वापरायच्या छोट्या वाद्यातला एक तयार ठेका एका देशाच्या संगीतात जाऊन बसला, ही गोष्ट मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, कारण 'माझ्याकडे साधाच कॅसिओ आहे' असे म्हणताना त्याचा आवाज उगीच खाली गेलेला असतो.

घेताना काय पाहावे

दुकानात गेल्यावर विक्रेता सर्वप्रथम किती आवाज आणि किती ताल आहेत हे सांगतो. चारशे आवाजांपैकी आपण फार तर सहा वापरतो, म्हणून त्या आकड्याकडे लक्ष देऊ नये. पट्ट्यांची संख्या आणि रुंदी मात्र नीट पाहावी. साध्या पेटीला तीन ते साडेतीन सप्तके असतात, त्यामुळे ६१ पट्ट्यांची म्हणजे पाच सप्तकांची वाद्ये भजन, भावगीत, नाट्यगीत या सर्वांना पुरून उरतात. ३२ किंवा ४४ पट्ट्यांची लहान वाद्ये पाच-सात वर्षांच्या मुलासाठी ठीक आहेत, पण त्यांच्या पट्ट्या अरुंद असतात. पूर्ण आकाराच्या वाद्यावर एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचे असते. बोटांना त्या अंतराची सवय लहानपणीच लागली तर ती जन्मभर टिकते, आणि अरुंद पट्ट्यांवर शिकलेले मूल मोठ्या वाद्यावर आले की त्याची बोटे शेजारच्या पट्टीवर पडू लागतात. म्हणून मूल आठ वर्षांचे झाले असेल तर थोडे थांबावे, पैसे साठवावेत, पण ६१ पट्ट्यांचेच घ्यावे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दाबानुसार आवाज कमी-जास्त होतो की नाही. याला 'टच रिस्पॉन्स' म्हणतात. अशा वाद्यात प्रत्येक पट्टीखाली एकाऐवजी दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी दाबताना पहिला आणि दुसरा बिंदू जुळण्यात किती वेळ गेला, हे यंत्र मोजते आणि त्यावरून बोट हळू पडले की जोरात, हे ठरवते. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये ही सोय नाही आणि तिच्याच बरोबरीच्या सीटी-एस३०० मध्ये ती आहे. शिवाय तिच्यात स्वर वर-खाली सरकवणारे चाकही आहे. पियानोकडे जाण्याचा थोडाही विचार असेल तर टच रिस्पॉन्सशिवाय घेऊ नये. केवळ भजनाला साथ करायची असेल आणि पेटीचाच आवाज वापरायचा असेल, तर ही सोय नसली तरी अडत नाही, कारण पेटीतही पट्टी हळू दाबली की जोरात याने आवाज बदलत नाही, तो भात्याने बदलतो.

ज्या मॉडेलच्या नावाशेवटी 'आयएन' अशी अक्षरे असतात, ती भारतीय बाजारासाठी केलेली असतात आणि त्यांत तबला, सतार, शहनाई अशा वाद्यांचे आवाज व आपल्याकडचे ठेके भरलेले असतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांच्यासाठी बजेट ताणण्याआधी दुकानातच त्या मॉडेलचा पेटीचा आवाज पाच मिनिटे वाजवून पाहावा. पहिल्या मिनिटाला गोड वाटणारा आवाज पाचव्या मिनिटाला कानाला टोचू लागला, तर तासाभराच्या भजनात तो कोणालाच सहन होणार नाही.

सेलवर चालते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीटी-एस२०० आणि एस३०० सहा पेन्सिल सेलवर चालतात, त्यांचे वजन साधारण सव्वातीन किलो असते आणि उचलायला मूठही असते. कार्तिकातला पहाटेचा काकडा, त्र्यंबक रस्त्याने निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडी, मांडवातला जनरेटर बंद पडण्याची वेळ, या सगळ्या ठिकाणी सेलवर चालणारे वाद्यच कामाला येते.

गायकाच्या पट्टीला लावणे

माझ्या मते सर्वांत जास्त चुका येथेच होतात. नवा वादक पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, हाच षड्ज (सा) धरून शिकतो आणि मग सगळ्या मंडळाला त्या पट्टीत ओढतो. ज्या काकू काळी चारमध्ये मोकळ्या आवाजात गातात, त्यांना पांढरी एकमध्ये गावे लागले की वरच्या षड्जाला आवाज ताणला जातो आणि चार अभंगांनंतर त्या नुसत्या टाळ वाजवतात. पट्टी गायकाने ठरवायची असते, वाद्याने नाही.

गायकाची पट्टी शोधण्यासाठी वाद्य बंद ठेवावे. गायकाला कोणताही सूर न देता एखाद्या ओळखीच्या अभंगाची पहिली ओळ सहज म्हणायला सांगावी आणि त्यातला षड्ज कोणत्या पट्टीवर येतो ते नंतर पाहावे. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. बहुतेक वेळा तिन्ही दिवशी तीच किंवा शेजारची पट्टी येते. त्यानंतर त्याच पट्टीत मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला 'प') आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला 'ग') दोन्ही न ओरडता लागतात का, हे पाहून एखादा अर्धस्वर वर-खाली करावा. सर्वसाधारणपणे पुरुष काळी एक ते पांढरी चारच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार, काळी पाचच्या आसपास गातात, पण हा नियम धरून कोणावरही पट्टी लादू नये.

पट्टी कळली की 'ट्रान्सपोज' वापरावे, म्हणजे वाद्याचे सगळे स्वर ठरावीक अर्धस्वरांनी वर-खाली सरकवणारी सोय. ज्याला फक्त पांढरी एकमध्येच बोटे ठेवता येतात, त्याने काळी एकसाठी अधिक १, पांढरी दोनसाठी अधिक २, काळी दोनसाठी अधिक ३ आणि पांढरी चारसाठी अधिक ५ असा आकडा द्यावा. काळी चारसाठी अधिक ८ देता येतो, पण त्यापेक्षा उणे ४ द्यावा; काळी पाचसाठी उणे २ द्यावा. असे केल्याने षड्ज त्याच नावाचा राहतो, पण वाद्याचा आवाज फार वरच्या सप्तकात जाऊन बारीक होत नाही. शेजारी पेटीवादक बसला असेल तर 'मी ट्रान्सपोजवर आहे' हे त्याला आधी सांगावे, नाहीतर तो तुमच्या बोटांकडे पाहून पट्टी धरतो आणि पहिल्याच ओळीला गोंधळ होतो. पेटीवादकाकडे अशी कळ सहसा नसते, म्हणून तो सर्व पट्ट्यांत वाजवायला शिकतो. वर्षभरात निदान काळी एक, काळी चार आणि पांढरी चार या तीन पट्ट्यांत तुम्हीही ट्रान्सपोजशिवाय वाजवायला शिकावे, कारण दोन अभंगांच्या मध्ये अंधूक उजेडात आकडा बदलताना चूक होते आणि ती चूक पुढचा अख्खा अभंग बिघडवते.

पेटीबरोबर वाजवायचे असेल तर आणखी एक जुळणी लागते. कॅसिओ सुरुवातीला ४४० हर्ट्झच्या मापाला लावलेला असतो आणि जुन्या पेट्या त्या मापाला असतीलच असे नाही. दोन्ही वाद्यांवर तोच स्वर एकत्र धरावा. सुरात किंचित फरक असेल तर आवाज स्थिर न राहता लाटांसारखा डोलताना ऐकू येतो. सेकंदाला दोन लाटा आल्या तर फरक दोन हर्ट्झचा आहे असे समजावे. पेटी तिथल्या तिथे लावता येत नाही, म्हणून कॅसिओच्या 'ट्यूनिंग' मधून माप हळूहळू सरकवावे आणि लाटा थांबल्या की थांबावे. सीटी-एस मालिकेत हे माप साधारण ४१५ ते ४६६ हर्ट्झपर्यंत नेता येते. ही जुळणी दोन मिनिटांची आहे आणि ती केली नाही तर श्रोत्यांना नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकत राहते.

कितीही जुळवले तरी एक मर्यादा उरते आणि ती वादकाला माहीत असायलाच हवी. या वाद्यातले बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले आहेत. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर षड्जापासून गंधार वाद्यात ४०० भागांवर येतो, आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ भागांवर असतो. म्हणजे वाद्याचा गंधार चौदा भाग चढा आहे आणि धैवत (ध) त्याहून किंचित अधिक. पंचमात मात्र फक्त दोन भागांचा फरक पडतो, तो कानाला कळतही नाही. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती, त्यामागे हेही एक कारण होते. यावरचा उपाय सोपा आहे. गायक गंधारावर किंवा धैवतावर थांबला की वादकाने तो स्वर लांब धरू नये. हात उचलावा किंवा षड्ज-पंचमावर यावे. डाव्या हाताने सतत धरायचे असेल तर षड्ज आणि पंचम, किंवा रागात पंचम नसेल तर षड्ज आणि मध्यम धरावा. आमच्या मंडळातल्या ज्येष्ठ बुवांनी मला पहिल्या वर्षी एवढेच शिकवले होते: 'मी जिथे थांबेन तिथे तू वाजवू नकोस, मी जिथून निघेन तिथे मला गाठ.' काही मॉडेलांत स्वरांतरे बदलण्याची सोयही असते, पण एका षड्जाला ती लावल्यावर पट्टी बदलली की पुन्हा सगळे करावे लागते, म्हणून भजनात मी ती वापरत नाही.

भजनात वाजवताना

आवाज पेटीचा किंवा तत्सम रीडचा निवडावा आणि त्यातला घुमारा, म्हणजे 'रिव्हर्ब', बंद किंवा अगदी कमी करावा. मंदिराच्या सभामंडपात दगडी भिंतींचा घुमारा आधीच असतो. त्यात वाद्याचा घुमारा मिसळला की अभंगाचे शब्द कळेनासे होतात, आणि शब्द कळले नाहीत तर अभंग म्हणायचा कशाला?

तयार ठेक्यांविषयी माझे मत ठाम आहे. मंडळात पखवाज किंवा तबला असेल तर यंत्राचा ठेका लावू नये. अभंग संथ लयीत सुरू होतो, टाळकरी रंगात येतात, लय कळत-नकळत चढते आणि शेवटच्या गजरात ती दुप्पट झालेली असते. यंत्राचा ठेका मात्र सुरुवातीला ठरवलेल्या गतीलाच चिकटून राहतो आणि सगळ्या मंडळाला मागे ओढतो. घरी एकट्याने सराव करताना मात्र हाच ठेका फार उपयोगाचा आहे. आठ मात्रांच्या केरव्यासाठी चार-चारचा आणि सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी तीन-चारचा किंवा सहा-आठचा ताल लावावा, गती सुरुवातीला इतकी कमी ठेवावी की एकही स्वर चुकणार नाही, आणि आठवड्याला दोन-चार अंकांनीच वाढवावी.

मांडवातल्या ध्वनिक्षेपकाला जोडताना होणारी एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. कॅसिओच्या हेडफोनच्या छिद्रातून निघणारा आवाज डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचा असतो. साउंडवाल्याने दोन पट्ट्यांची म्हणजे स्टिरिओ पिन थेट मिक्सरच्या माइकच्या मोठ्या छिद्रात घातली, तर मिक्सर त्या दोन वाहिन्या एकमेकींतून वजा करतो आणि पेटीचा भरदार आवाज डबा वाजवल्यासारखा पोकळ होतो किंवा जवळजवळ गायब होतो. अशा वेळी वाद्य बिघडले असे समजून लोक घाबरतात. एका टोकाला वाद्याच्या छिद्राप्रमाणे बारीक ईपी पिन किंवा मोठी पी-३८ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र मोनो पिना असलेली केबल आपल्या पिशवीतच ठेवावी आणि मिक्सरच्या दोन छिद्रांत त्या घालाव्यात. वाद्याचा आवाज निम्म्यावर ठेवावा आणि उरलेला मिक्सरवरून वाढवावा. पिन काढता-घालताना मिक्सरवरचा आवाज पूर्ण बंद करायला सांगावे.

अडॅप्टर, सेल आणि ओल

माझा पहिला कॅसिओ वाद्याच्या दोषाने बंद पडला नव्हता. मूळ अडॅप्टरची वायर तुटली म्हणून एका दुकानातून 'सगळ्याला चालतो' असा अडॅप्टर आणला, तो लावला, दिवा एकदा लागला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. दोष तो विकणाऱ्याचा होताच, पण वाद्याच्या पाठीवर छापलेली चिन्हे मी वाचली असती तर ते टळले असते. अडॅप्टर बदलताना तीन गोष्टी जुळवाव्यात. व्होल्ट तेवढेच असावेत. जुन्या कॅसिओंना ९ आणि नंतरच्या अनेकांना ९.५ लागतात. अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत. आणि पिनच्या आतला भाग अधिक आहे की उणे, हे दाखवणारे छोटे वर्तुळाचे चिन्ह वाद्यावर आणि अडॅप्टरवर सारखे असावे. हे चिन्ह सगळ्या मॉडेलांना एकसारखे नसते, आणि घात तिथेच होतो. ज्या नव्या वाद्यांना मोबाईलसारखी यूएसबी वायर दिसते, ती बहुधा संगणकाला जोडण्यासाठी असते. तिच्यावर वाद्य चार्ज होईल असे धरून चालू नये.

वाद्य पंधरा दिवसांपेक्षा जास्त वाजणार नसेल तर सेल काढून ठेवावेत. सेल पाझरले की पितळी पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड चढते. ती जुन्या टूथब्रशने कोरडीच घासून काढावी, मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावी, आणि हातात मोजे घालावेत. कमजोर आणि नवे सेल एकत्र घालू नयेत.

नाशिकच्या पावसाळ्यात घाटाजवळच्या आणि जुन्या वाड्यांतल्या घरांत ओल फार असते. जून ते सप्टेंबर वाद्य भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवावे, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवावे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये, कारण ओल आत अडकते. वाद्य वाजवत राहणे हीच त्याची सर्वांत चांगली निगा आहे, कारण संपर्कबिंदू घासले जाऊन स्वच्छ राहतात.

पट्टी वाजेनाशी झाली तर

एखादी पट्टी मधेच वाजते, मधेच वाजत नाही किंवा टच रिस्पॉन्स असलेल्या वाद्यात एकदम जोरातच वाजते, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तिच्या खालच्या रबरी पट्टीवर धूळ बसली आहे. वॉरंटी चालू असेल तर उघडू नये, कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावे. वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल तर हे काम घरी होते.

अडॅप्टर आणि सेल काढावेत. जाड चादरीवर वाद्य पालथे ठेवावे. स्क्रू काढताना ते ज्या जागेचे, त्याच जागेच्या नकाशाप्रमाणे कागदावर ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी फिरवला तर पुढचे प्लास्टिक फुटते. झाकण उचलताना ते ओढू नये. आत स्पीकरच्या आणि पडद्याच्या वायरी असतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढावा. पट्ट्यांच्या खाली एक लांब सर्किट आणि त्यावर रबराची पट्टी दिसेल. रबराच्या प्रत्येक घुमटात काळे कार्बनचे ठिपके असतात. रबर हलके उचलावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने सर्किटवरच्या काळ्या ठशांवरची धूळ पुसावी आणि कार्बनचे ठिपके नुसते टेकवून पुसावेत, घासू नयेत. थिनर, पेट्रोल किंवा पॉलिश पेपर तेथे कधीही नेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे वाळू द्यावे, रबराची शेपटे जागच्या जागी बसवावीत आणि झाकण पूर्ण बंद करण्याआधी सर्व पट्ट्या एकदा वाजवून पाहाव्यात.

मागच्या वर्षी एका शेजाऱ्यांचा कॅसिओ असाच उघडला. मधल्या सप्तकातली पांढरी पाच वाजत नव्हती. रबर उचलल्यावर त्या पट्टीखाली हळदीने पिवळा झालेला अक्षतेचा एक दाणा सापडला. मुलाच्या लग्नात मंगलाष्टकांना साथ करण्यासाठी ते वाद्य मांडवात नेले होते आणि त्याला सात वर्षे झाली होती. दाणा काढला, जागा पुसली आणि पंचम पहिल्याच स्पर्शाला स्वच्छ वाजला. त्यांनी तो दाणा कागदात बांधून देव्हाऱ्यात ठेवला.

जुने घ्यायचे असेल तर

जुना कॅसिओ घेणे वाईट नाही. सर्व ६१ पट्ट्या एकेक करून, आधी हळू आणि मग जोरात दाबून पाहाव्यात. आवाजाची कळ फिरवताना खरखर येते का ऐकावे. सेलचा कप्पा उघडून पूड पाहावी. आणि मूळ अडॅप्टर नसेल तर तेवढी किंमत कमी करून मागावी. एखाददुसरी पट्टी वाजत नसेल तर घाबरू नये, वर सांगितल्याप्रमाणे ती दुरुस्त होते. पडद्यावरचे अर्धे आकडे दिसत नसतील तर मात्र तो घेऊ नये, कारण ट्रान्सपोज किती लावला आहे हे दिसल्याशिवाय साथ करता येत नाही.

वाद्य दुसऱ्या घरी देताना पाठीवर एक कागद चिकटवून द्यावा, त्यावर अडॅप्टरचे व्होल्ट, पिनचे चिन्ह आणि कोणता गायक कोणत्या पट्टीत गातो याची नोंद असावी. आमच्या मंडळाच्या कॅसिओवर असा कागद आहे. त्यावर बुवांच्या नावापुढे काळी एक, काकूंच्या नावापुढे काळी चार असे लिहिले आहे. यंदा बुवांच्या नावापुढची काळी एक खोडून मी सहावी पांढरी लिहिली आहे, कारण वयाने आता त्यांचा आवाज चार अर्धस्वर खाली आला आहे, आणि त्यांच्यासाठी ट्रान्सपोजचा आकडा उणे ३ लागतो.